चेतसिंहाने नेमकं काय थकवलं होतं?

काशीला जाऊन रामनगरचा किल्ला पाहून आलेली मंडळी हमखास सांगतात : राजा चेतसिंहाने ईस्ट इंडिया कंपनीची खंडणी थकवली, म्हणून तिचा गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज त्याच्यावर चालून आला. इतक्या वेळा ऐकलंय की आता चिडचिड होते. खंडणी थकलेलीच नव्हती.

१७७५ मध्ये अवधच्या नवाबाने बनारसचा मुलूख कंपनीला दिला आणि राजाची वार्षिक खंडणी सुमारे साडेबावीस लाख रुपये ठरली. ती तो भरत होता. त्याच वर्षी कलकत्त्याच्या कौन्सिलने ठरावही केला, की खंडणी येत राहील तोवर राजाकडे जास्तीचं काही मागायचं नाही. पुढच्या सनदेने हे वचन रद्द झालं, असं हेस्टिंग्ज नंतर म्हणाला. तो वकिली मुद्दा झाला, थकबाकीचा नव्हे.

भांडण होतं ते फौजेच्या खर्चावरून. १७७८ मध्ये फ्रान्सशी युद्ध जुंपल्याची बातमी आली आणि कंपनीने तीन पलटणींच्या पगारापोटी राजाकडे पाच लाख मागितले. त्याने कुरकुरत, एका वर्षापुरते म्हणून दिले. १७७९ मध्ये तीच मागणी; पैसे वसूल करायला फौज पाठवली आणि त्या फौजेचा खर्चही त्याच्याच माथी मारला. १७८० मध्ये त्याने हेस्टिंग्जला दोन लाख गुपचूप पोचवले. ते ठेवून घेतले, मागणी तशीच राहिली. आणि ते दोन लाख लागले कुठे? महादजी शिंद्यांवर निघालेल्या, कंपनीच्याच कॅमॅकच्या फौजेच्या खर्चाला!

मग दोन हजार घोडेस्वार हवे झाले. घासाघीस होत आकडा हजारावर आला. राजाने पाचशे स्वार आणि पाचशे बंदूकवाले उभे करून तसं कळवलं. उत्तर आलं नाही. हेस्टिंग्जने मात्र मनाशी पन्नास लाखांचा दंड ठरवला होता. हे केवळ पुढे हेस्टिंग्जवर संसदेत खटला चालवणाऱ्या बर्कच्या भाषणातलं, असं कुणाला वाटत असेल तर ब्रिटिश पंतप्रधान पिटचं मत पाहा. जादा पैसा मागायचा कंपनीला हक्क होता, असं मानणाऱ्या पिटनेही जून १७८६ मध्ये या दंडाला अवाजवी ठरवून हेस्टिंग्जविरुद्ध मत दिलं. (लॉर्डांनी १७९५ मध्ये त्याला निर्दोष सोडलं, हेही खरं.)

१६ ऑगस्ट १७८१ रोजी शिवाला घाटावरच्या वाड्यात राजाला अटक झाली. रामनगरहून माणसं गंगा ओलांडून आली, पहारेकरी शिपायांची कत्तल झाली आणि राजा निसटला. चार दिवसांनी रामनगरच्या गल्लीबोळांत शिरलेला कॅप्टन मेयाफ्र मारला गेला. हेस्टिंग्ज रातोरात चुनारला पळाला. शेवटी चेतसिंहाला आसरा मिळाला तो ग्वाल्हेरला, त्याच महादजींकडे. गादीवर महीपनारायण सिंह बसला आणि खंडणी चाळीस लाख झाली.

फौज आणि तिच्या खर्चाबद्दलचे बाकीचे गैरसमज थोडक्यात. तैनाती फौज ही वेलस्लीची कल्पना? १७७३ च्या बनारसच्या तहातच अवधच्या नवाबाने कंपनीच्या एका ब्रिगेडसाठी दरमहा २ लाख १० हजार रुपये कबूल केले होते. मदतीची फौज स्वतःच्या खर्चाने येते? वसईच्या तहात (१८०२) दुसऱ्या बाजीरावाने तिच्यासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला.

आणि ताजा गैरसमज : पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१६ मध्ये झालेल्या 'लेमोआ' कराराने अमेरिकेला भारतात तळ मिळाले. त्यात तळाची तरतूदच नाही. इंधन, अन्नपाणी, दुरुस्ती, सुटे भाग एकमेकांना पुरवायचे आणि मोबदला चुकता करायचा, एवढंच. ही सोय दुतर्फा आहे : सप्टेंबर २०२० मध्ये आपल्या 'तलवार' युद्धनौकेने अरबी समुद्रात अमेरिकी टँकरकडून इंधन घेतलं.