वादळ सरले, पूर मागून आला

८ ऑक्टोबर २०१६. मॅथ्यू चक्रीवादळाने अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्याला झोडपून काढले आणि ते समुद्राकडे निघून गेले. आभाळ मोकळे झाले. किन्स्टन गावात न्यूस नदीचे पाणी मात्र चढतच राहिले. तिथे पूर मानतात १४ फुटांपासून. १४ तारखेला पातळी पोचली २८.३१ फुटांवर!

हे कोडे आलेखातून झटकन उलगडते. वरच्या अंगाची स्मिथफील्ड आणि गोल्ड्सबोरो ही गावे आणि खालचे किन्स्टन, अशा तिन्ही गावांचे पाणीपातळीचे आलेख एकाखाली एक मांडा. पहिल्याचा शेंडा १० तारखेला, दुसऱ्याचा १२ला, तिसऱ्याचा १४ला. सपाट प्रदेशात उतार नाममात्र. नदी पात्र सोडून रानात, दलदलीत पसरते, तिथे रेंगाळते आणि मग सावकाश खाली सरकते. पूर म्हणजे नदीतून प्रवास करणारा पाण्याचा फुगवटा, हे तेव्हा डोळ्यांना दिसते.

ही आकडेवारी देतात अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची जलमापन केंद्रे. पुलाजवळ एक पेटी, वर सौरपट्टी आणि अँटेना. काही ठिकाणी पेटीतून निघालेली बारीक नळी नदीच्या तळाशी हवेचे बुडबुडे सोडत असते. पाणी जितके खोल, तितका बुडबुडा बाहेर ढकलायला दाब जास्त; त्यावरून पातळी कळते. साधारण दर पंधरा मिनिटांनी नोंद होते आणि उपग्रहामार्फत पोचते.

ही केंद्रे नकाशावर ठिपक्यांनी दाखवताना मात्र नुसते फूट देऊन भागत नाही. प्रत्येक केंद्राचे शून्य वेगळे असते, त्यामुळे एका गावचे वीस फूट दुसऱ्या गावी किरकोळ असू शकतात. म्हणून ठिपक्याचा रंग त्या-त्या ठिकाणच्या पूरपातळीवरून ठरवावा. आपल्याकडे राजाराम बंधाऱ्याचे फूट ऐकणाऱ्या कोल्हापूरकरांना हे वेगळे सांगायला नको.

डोंगरात किन्स्टनइतकी सवड मिळत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळाच्या पावसाने ॲशव्हिल इथे फ्रेंच ब्रॉड नदी २४.६७ फुटांवर गेली, १९१६चा उच्चांक मोडला, आणि तेही वादळ आले त्याच दिवशी. अशा पुरात कधी यंत्रच वाहून जाते आणि आलेखाची रेघ मध्येच तुटते. मग कर्मचारी भिंतींवर राहिलेल्या चिखलाच्या रेषा मोजून पुराची कमाल पातळी ठरवतात.

ही माहिती सर्वांना खुली आहे. तुमचे कुणी तिकडे नदीकाठी राहत असेल, तर त्यांना एवढे जरूर कळवा : वादळ गेल्यावर आपल्या गावचा ठिपका बघाच, पण त्याआधी वरच्या गावचा बघा.