एकहाती डिजिटल विक्री: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पाककृतींचे ई-बुक, रेकॉर्ड केलेला अभ्यासक्रम, हिशेबाची एक्सेल शीट, लग्नपत्रिकेचा साचा अशा वस्तूंची एक प्रत तयार झाली की दुसरी काढायला जवळपास काहीच खर्च येत नाही. एवढे खरे आहे. त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष मात्र चुकतो: फाइल एकदा चढवली की घरबसल्या पैसे येत राहतात. छपाई, गोदाम आणि टपाल यांचा खर्च वाचतो. गिऱ्हाईक शोधणे, त्याच्या शंकांना उत्तरे देणे आणि माल ताजा ठेवणे यांचा वाचत नाही. प्राप्तिकराचे टप्पे बदलले की करहिशेबाची शीट त्याच दिवशी जुनी होते. फोन हरवलेला ग्राहक वर्षभराने पुन्हा लिंक मागतो आणि ती द्यावीच लागते.

दुसरा गैरसमज टक्केवारीचा. अ‍ॅमेझॉनच्या किंडलवर डिसेंबर २०१६ पासून मराठी पुस्तके मिळतात. तिथे लेखकाला ३५ किंवा ७० टक्के मानधनाचे पर्याय असतात आणि ७० केव्हाही चांगले, असे गृहीत धरले जाते. पण ७० टक्क्यांच्या पर्यायात फाइल पोहोचवण्याचे शुल्क आधी वजा होते. भारतात ते दर एमबीला ७ रुपये आहे. कादंबरी एक एमबीचीही नसते, तेव्हा फरक पडत नाही. फराळाच्या पदार्थांचे, पानोपानी छायाचित्रे असलेले पुस्तक मात्र सहज २० एमबीचे होते. किंमत २५० रुपये ठेवली, तर कर बाजूला ठेवून १४० रुपये शुल्कात जातात आणि उरलेल्या ११० चे ७० टक्के म्हणजे ७७ रुपये लेखकाच्या हाती पडतात. ३५ टक्क्यांच्या पर्यायात हे शुल्क नाही, म्हणून तिथे साडेसत्त्याऐंशी मिळतात. शिवाय भारतातील विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर पुस्तक किंडलच्या ‘केडीपी सिलेक्ट’ योजनेत घालावे लागते. तसे केले की नव्वद दिवस त्याची डिजिटल आवृत्ती दुसरीकडे कुठेही, अगदी स्वतःच्या लिंकवरूनही, विकता येत नाही. छापील आवृत्तीला ही अट लागू नाही.

स्वतःच्या लिंकवरून विकले तर सगळे पैसे आपले, हेही पुरते खरे नाही. यूपीआय व्यवहारावरचे व्यापारी शुल्क जानेवारी २०२० पासून शून्य आहे, पण पेमेंट गेटवे आपल्या सेवेचे पैसे घेते: बहुधा दोन टक्क्यांच्या आसपास, वर त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. या दराने २५० रुपयांमागे सहाएक रुपये जातात. आकडा किरकोळ वाटतो, आणि आहेही. खरा फरक असा की बाजारपेठेचे संकेतस्थळ अनोळखी वाचक आणून देते. स्वतःच्या लिंकवर तो स्वतःच आणावा लागतो.

इथे फॉलोअरची संख्या कामाला येईल असे वाटते. अमेरिकी लेखक केव्हिन केली यांनी २००८ मध्ये मांडलेली ‘हजार खरे चाहते’ ही कल्पना या संदर्भात हमखास सांगितली जाते, पण अर्धीच. त्यांच्या हिशेबात खरा चाहता म्हणजे निर्माता जे काही काढेल ते विकत घेणारा आणि वर्षाला सुमारे शंभर डॉलरचा नफा मिळवून देणारा माणूस. शिवाय त्याचे पैसे मध्यस्थाविना थेट निर्मात्याकडे यायला हवेत. रील पाहून पुढे सरकणारा त्यात बसत नाही. व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट यादी हा अनेकांचा भरवशाचा मार्ग, पण ज्यांनी पाठवणाऱ्याचा नंबर आपल्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच तो संदेश पोहोचतो. यादीत दोनशे नावे असली तरी प्रत्यक्षात किती जणांपर्यंत मजकूर गेला, हा प्रश्न उरतोच.

जीएसटीबद्दल दोन टोकांचे समज आहेत: ऑनलाइन विकले की पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते, किंवा एकट्या माणसाला ती कधीच लागत नाही. डिजिटल माल कायद्याच्या नजरेत सहसा सेवा ठरतो, आणि सेवांसाठी महाराष्ट्र व गोव्यात नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख रुपये उलाढालीची आहे. त्या मर्यादेखालील सेवा परराज्यात विकली तरी नोंदणी सक्तीची नाही. घोळ होतो तो ‘उलाढाल’ मोजताना. डिझाइनच्या कामातून १८ लाख आणि साच्यांच्या विक्रीतून ३ लाख मिळवणारी व्यक्ती एकाच पॅनवर २१ लाखांची धनी असते. परदेशी ग्राहकांकडून आलेली रक्कमही याच बेरजेत येते, मग निर्यातीवर कर शून्य असला तरी. नोंदणीनंतर दरातही एक गंमत आहे: ज्या ई-बुकची छापील आवृत्ती आहे त्यावर ५ टक्के, आणि नुसत्याच डिजिटल पुस्तकावर १८. प्राप्तिकर याहून वेगळा. जीएसटी नोंदणी नसली तरी नफा उत्पन्नात दाखवावाच लागतो.

जर्मनीतल्या मराठी वाचकाला थेट फाइल विकली तर प्रश्न आणखी पुढे जातो. युरोपीय संघाबाहेरच्या विक्रेत्याने तिथल्या ग्राहकाला डिजिटल सेवा विकल्यास पहिल्या विक्रीपासून तिथला मूल्यवर्धित कर लागतो. सुटीची किमान मर्यादाच नाही. गमरोडसारखे मंच कागदोपत्री स्वतः विक्रेते होऊन हा कर भरतात. त्यांचे दहा टक्के आणि वरचे शुल्क महाग वाटले, तरी कराची ही कटकट त्यातच मिटते.

‘डिजिटल मालाला परतावा नाही’ असे लिहिले की जबाबदारी संपली, हाही लाडका समज. २०२० चे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम डिजिटल उत्पादनांचा स्पष्ट उल्लेख करतात, आणि नियमितपणे धंदा म्हणून विकणारी एकटी व्यक्तीही त्यांच्या कक्षेतून सुटत नाही. आवडले नाही म्हणून पैसे परत द्यायचे की नाही, हे विक्रेत्याने ठरवून आधी सांगावे. पण जाहिरातीत वीस धडे आणि आत बारा, अशा वेळी ती पाटी उपयोगाची नाही. ग्राहक असल्याचे भासवून स्वतःच्याच मालाची तारीफ लिहिणेही या नियमांत निषिद्ध आहे.

शेअर बाजाराचे अभ्यासक्रम हा वेगळाच विषय. ‘आम्ही फक्त शिकवतो’ ही सबब पूर्वीइतकी चालत नाही: जानेवारी २०२५ मध्ये सेबीने स्पष्ट केले की निव्वळ शिक्षण देणाऱ्याने मागील तीन महिन्यांतले बाजारभाव वापरू नयेत.

नेटवर मोफत मिळालेला फॉन्ट विक्रीच्या मालात चालतोच असे नाही. त्याचा परवाना पाहावा लागतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्ता’ फॉन्ट खुल्या परवान्याचा असल्याने विक्रीच्या ई-बुकात वापरता येतो, सुटा फॉन्ट म्हणून मात्र विकता येत नाही.

स्वतःच्या कामावरचा हक्क मिळवायला नोंदणी लागते, हा समज १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात बसत नाही. हक्क निर्मितीबरोबरच मिळतो आणि लेखकाच्या हयातीनंतर साठ वर्षे टिकतो. नोंदणी हा फक्त न्यायालयातला पुरावा. पासवर्ड घातलेली पीडीएफही फुटते, कारण फाइलबरोबर पासवर्डही पुढे पाठवला जातो. प्रत्येक प्रतीवर खरेदीदाराचा ईमेल छापल्याने चोरी थांबत नाही, पण माग लागतो. टेलिग्रामवर फाइल गेली की काहीच करता येत नाही, असे मानणाऱ्यांसाठी शिक्षिका-लेखिका नीतू सिंह यांचा खटला महत्त्वाचा. त्यांची पुस्तके आणि व्याख्याने फुकट वाटणाऱ्या चॅनेलांची माहिती देण्याचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये दिला. कंपनीने गोपनीयतेची हरकत घेतली होती, ती टिकली नाही, आणि चॅनेल चालवणाऱ्यांचे फोन नंबर व आयपी पत्ते तिला न्यायालयात सादर करावे लागले.