किट चढवणे सोपे, उतरवणे अवघड

करोनाच्या काळात नखशिखान्त पांढऱ्या किटमधले डॉक्टर आणि परिचारिका सगळ्यांनीच पाहिल्या. घामाने निथळत तासन्‌तास काढण्याचा त्रास डोळ्यांना दिसत होता. संसर्गाचा मोठा धोका मात्र पाळी संपल्यावर, किट उतरवताना असतो. चढवताना ते स्वच्छ असते. उतरवताना त्याला बाहेरून रक्त, उलटी, थुंकीचे शिंतोडे असे काहीही लागलेले असू शकते आणि माणूसही थकलेला, घाईत असतो.

अमेरिकेत क्लीव्हलँड परिसरातील ४ रुग्णालयांत याची एक साधी चाचणी झाली. कर्मचाऱ्यांचे हातमोजे व गाऊन यांना अतिनील प्रकाशात चमकणारे लोशन लावले आणि नेहमीप्रमाणे ते काढायला सांगितले. दिवा लावून पाहिले, तर ४३५ पैकी २०० वेळा लोशन अंगाला किंवा कपड्यांना लागले होते. पद्धत चुकली तेव्हा हे प्रमाण ७० टक्के होते; पण पद्धत बरोबर असूनही ३० टक्के! म्हणूनच किट काढल्यावर हात धुणे हा उपचार नव्हे, संरक्षणाचाच भाग आहे.

हातमोज्यांनी गाऊनपेक्षा जास्त दगा दिला. पहिला मोजा मनगटापाशी बाहेरून चिमटीत धरून उलटा सोलायचा आणि दुसऱ्या मुठीत ठेवायचा. मग उघड्या हाताचे बोट दुसऱ्या मोज्याच्या आत सरकवून तोही उलटा काढायचा. उघड्या बोटाने बाहेरची बाजू शिवायची नाही, एवढेच सूत्र. मास्क सर्वांत शेवटी, खोलीबाहेर आल्यावर.

२०१४ मध्ये डलास येथे इबोलाच्या रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या दोन परिचारिकांना लागण झाली. त्यानंतर अमेरिकेच्या सीडीसीने नियम कडक केले: त्वचा कुठेही उघडी नको आणि किट उतरवताना प्रत्येक पायरीवर लक्ष ठेवायला प्रशिक्षित माणूस हवा.

क्लीव्हलँडच्या चाचणीत कर्मचाऱ्यांना स्वतःच्या अंगावरचे चमकते डाग दाखवून सराव करून घेतला, तेव्हा प्रमाण ६० वरून १९ टक्क्यांवर आले. असा सराव आपल्याकडे डॉक्टर-परिचारिकांपुरता ठेवून चालणार नाही. वापरलेली किट पिवळ्या-लाल पिशव्यांत जातात. त्या पिशव्या बांधून उचलतात वॉर्डातले मामा आणि मावशी, आणि हातमोजे त्यांनाही काढावे लागतातच.