सणांतून इंग्रजी: पाच गैरसमज आणि वस्तुस्थिती

बऱ्हाणपूर हे सणांच्या बाबतीत श्रीमंत गाव. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशी घरांत झोके बांधले जातात, चैत्रात निमाडी घरांत गणगौर येते, भाद्रपदात गणपती बसतात, ईदला जामा मशीद गजबजते. दर्गा-ए-हकीमीला देशोदेशीचे बोहरा भाविक येतात, बडी संगत गुरुद्वाऱ्यात शीख यात्रेकरू येतात. एवढं सगळं दाराशी असताना मुलांना इंग्रजी शिकवायची वेळ आली की आपण सणांना निबंधाच्या वहीत कोंडून टाकतो. यामागे काही पक्क्या समजुती आहेत. त्या एकेक करून तपासायला हव्यात, कारण त्यांचा भार मुलांवर पडतो.

गैरसमज 1: आपले सण-समारंभ इंग्रजीत सांगताच येत नाहीत.

वस्तुस्थिती: बऱ्हाणपुरातला समारंभ इंग्रजीत लिहिला गेला, त्याला चारशे वर्षं उलटून गेली आहेत. राल्फ फिच हा लंडनचा व्यापारी 1584च्या सुमारास आग्र्याकडे जाताना बऱ्हाणपूरवरून गेला. इथल्या सुती कापडाबरोबरच त्याने इथली लग्नंही टिपून ठेवली. आठ-दहा वर्षांचा नवरदेव, पाच-सहा वर्षांची नवरी, दोघांना एकाच सजवलेल्या घोड्यावर बसवून वाजतगाजत काढलेली मिरवणूक, घरी परतल्यावर भात आणि फळांचं जेवण, मग रात्री उशिरापर्यंत नाच. बालविवाहाची ती प्रथा वाईटच, पण वर्णन पाहण्यासारखं आहे. घोडा, भात, फळं, नाच अशा शब्दांवर ते उभं आहे. हे शब्द इंग्रजीत आज पाचवीच्या मुलालाही येतात.

पुढे 1615च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो बऱ्हाणपुरात मुघल शाहजादा परवेझला भेटला. याच रोने नंतर मांडूला बादशहा जहांगीरचा वाढदिवस आणि त्या दिवशीची त्याची तुला पाहून रोजनिशीत लिहून ठेवली. 1886मध्ये निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात होळी, दिवाळी आणि दसऱ्याच्या स्वतंत्र नोंदी आहेत. ऑक्सफर्डच्या कोशातही दिवाळी आणि होळी आहेतच. तेव्हा सणाचं नाव आहे तसं ठेवावं आणि पुढे एका सोप्या वाक्यात तो काय आहे ते सांगावं. चांगलं इंग्रजी लिहिणारेही असंच करतात.

गैरसमज 2: इंग्रजी यायचं तर आधी हॅलोविन, थँक्सगिव्हिंग शिकले पाहिजेत.

वस्तुस्थिती: अमेरिकेत मार्गारेट स्टेफेन्सेन, चित्रा जोग-देव आणि रिचर्ड अँडरसन यांनी 1979मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. भारतीय आणि अमेरिकी वाचकांना त्यांनी इंग्रजीतली दोन पत्रं वाचायला दिली. एका पत्रात अमेरिकी लग्नाचं वर्णन होतं, दुसऱ्यात भारतीय लग्नाचं. दोन्ही गटांनी आपल्याकडच्या लग्नाचं पत्र जास्त वेगाने वाचलं आणि त्यातलं जास्त लक्षात ठेवलं. परक्या लग्नाच्या पत्रात मात्र चुकीचे अर्थ निघाले. अमेरिकी नवरीने आजीचा पोशाख घातला होता. तिकडे तो कौतुकाचा विषय, पण एका भारतीय वाचकाच्या मनात राहिलं ते एवढंच, की पोशाख जुना आणि फॅशन गेलेला होता.

यातून दोन गोष्टी कळतात. विषय ओळखीचा असेल तर मुलाचं सगळं लक्ष भाषेकडे राहतं, म्हणून सुरुवात पोळ्यापासून, आखाजीपासून करावी. आणि दुसऱ्यांचे सण ठाऊक नसतील तर शब्द येऊनही अर्थ निसटतो, म्हणून ख्रिसमस आणि थँक्सगिव्हिंगही शिकावेत, पण नंतर.

गैरसमज 3: ‘माय फेव्हरेट फेस्टिव्हल’ पाठ केला की काम झालं.

वस्तुस्थिती: पाठ केलेला निबंध परीक्षेत उतरतो, पण कुणी एक प्रश्न विचारला की संपतो. उलट सणाचा क्रम सांगायला बसलं की व्याकरण आपोआप हाताखालून जातं. पोळाच घ्या. ‘द बुलक्स आर वॉश्ड. देअर हॉर्न्स आर पेंटेड. दे आर नॉट पुट टू वर्क दॅट डे.’ तीन छोट्या वाक्यांत कर्मणी प्रयोग तीनदा आला, कारण इथे धुतं कोण आणि रंगवतं कोण यापेक्षा बैलांचं काय केलं जातं हे महत्त्वाचं. मग विचारावं, गेल्या वर्षी काय केलं? ‘वी पेंटेड देम ब्लू.’ भूतकाळ आला. यंदा काय करणार? ‘वी आर गोइंग टू पेंट देम रेड.’ भविष्यकाळ आला. आणि बैलांना सुट्टी का? इथे ‘बिकॉज’ला पर्याय नाही.

मुलं हमखास अडखळतात त्या बारीक गोष्टीही सणांतच सापडतात. महिन्याला ‘इन श्रावण’, ठरावीक दिवसाला ‘ऑन दिवाली डे’, सणाच्या सगळ्या दिवसांना मिळून ‘ॲट दिवाली’. सणाच्या नावाआधी ‘द’ लागत नाही, म्हणून ‘वी सेलिब्रेट दिवाली’, पण सुट्ट्यांबद्दल बोलताना ‘द दिवाली हॉलिडेज’.

गैरसमज 4: कुठल्याही दिवसाच्या नावाआधी ‘हॅपी’ लावलं की शुभेच्छा झाल्या.

वस्तुस्थिती: बऱ्हाणपुरात ही चूक जवळच्या माणसाला लागू शकते. मोहरममध्ये इ.स. 680मध्ये करबलाला शहीद झालेल्या इमाम हुसेन यांचं स्मरण केलं जातं. गुड फ्रायडे हा येशूच्या क्रूसावरील मृत्यूचा दिवस. या दिवसांना ‘हॅपी’ म्हणणं व्याकरणात बसलं तरी माणसांत बसत नाही. ईदला मात्र इंग्रजी बोलतानाही बहुधा ‘ईद मुबारक’ म्हणतात. कोणत्या प्रसंगी काय बोलावं, काय बोलू नये, हा भाषेचाच भाग आहे. तो शिकवायला शेजारधर्मासारखा दुसरा वर्ग नाही.

गैरसमज 5: घरची भाषा सुटली तरच इंग्रजी सुधारतं.

वस्तुस्थिती: 2020चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण याच्या उलट सांगतं. शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत, आणि जमल्यास आठवीपर्यंत, शिकण्याचं माध्यम घरची भाषा किंवा मातृभाषा असावी, असं त्यात म्हटलं आहे. भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनीही 1970च्या दशकातच मांडलं होतं की पहिल्या भाषेत पक्की झालेली समज दुसऱ्या भाषेत कामी येते. सणांच्या बाबतीत हे रोजच्या अनुभवातलं आहे. आखाजीला घागर का भरतात, पोळ्याला बैलांचे खांदे का शेकतात, हे आजीलाच ठाऊक असतं आणि आजी ते मराठीत, अहिराणीत किंवा कोरकूत सांगते. ते तिच्या भाषेत नीट समजलं तरच नातवाला इंग्रजीत सांगण्यासारखं काही असेल. बऱ्हाणपूरला तर दोन भाषा शेजारी नांदण्याचं नवल वाटायला नको. सोळाव्या शतकाच्या अखेरीस फारुकी सुलतान राजा अली खानने बांधलेल्या जामा मशिदीत अरबी आणि संस्कृत असे दोन्ही शिलालेख आहेत.

मग घरी काय करावं? येत्या सणातली एकच रीत निवडावी. मुलाने ती घरच्या मोठ्यांना त्यांच्या भाषेत विचारावी, मग पाच इंग्रजी वाक्यांत सांगावी, आणि सांगावी अशा सवंगड्याला, ज्याच्या घरी तो सण होत नाही. ऐकणाऱ्याने ‘व्हाय?’ विचारायचं, सांगणाऱ्याने उत्तर द्यायचं. पुढच्या सणाला दोघांनी जागा बदलायच्या. ज्याला खरंच माहीत नाही त्याला सांगताना मूल शब्द शोधतं, वाक्य दुरुस्त करतं आणि समजलं का ते विचारतं. बोलता येणं म्हणतात ते हेच. असा श्रोता मिळवायला महागडे क्लास लागत नाहीत. बऱ्हाणपुरात तो पुढच्या गल्लीत राहतो.