शिलाई मशीनची अवजारे आणि सुटे भाग घरात कसे ठेवावेत?

आम्ही कापडाचे व्यापारी, मशीनचे मिस्त्री नव्हे. तरीही या विषयावर लिहीत आहोत, कारण टेलरची मशीन थांबली की आमचा तागाही दुकानात पडून राहतो. जालना शहरात आणि अंबड, भोकरदन, परतूरकडील गावांत कितीतरी घरांची रोजी एका शिलाई मशीनवर चालते.

काही वर्षांपूर्वी रमजानच्या अखेरच्या दिवसांत आमच्या ओळखीच्या एका खेड्यातील टेलरची मशीन रात्री बंद पडली. बॉबिन केसची पट्टी धरणारा बारीक स्क्रू निसटून हरवला होता. घरात दुसरी बॉबिन केस आहे, हे त्यांना पक्के आठवत होते. रात्रभर शोधली, सापडली नाही. गावात पुर्जा मिळेना, म्हणून जालन्याला येण्याजाण्यात दुसरा दिवस गेला. शेवटी आठ जणांचे कापड न शिवताच परत करावे लागले. ईद झाल्यावर ती केस मुलांच्या कंपासपेटीत निघाली. पुढच्या वर्षी त्यातले बरेच ग्राहक रेडीमेडकडे वळले. हुनर होता, पुर्जाही होता, फक्त तो जागेवर नव्हता.

शिलाई मशीनच्या अनेक स्क्रूंचे आटे खास बारीक असतात. हार्डवेअरच्या दुकानातील स्क्रू तिथे बसत नाही, जबरदस्तीने बसवला तर आटे खराब होतात. म्हणून लहानात लहान स्क्रूही जपावा.

सामानाचे तीन भाग करावेत.

पहिला भाग अवजारांचा. मोठा व लहान पेचकस, पान्हा, पक्कड, चिमटा, ब्रश आणि लोहचुंबक एवढे पुरेसे आहे. उरलेल्या जाड कापडाची कप्पे असलेली पट्टी शिवावी, प्रत्येक अवजाराला एक कप्पा द्यावा आणि पट्टी गुंडाळून ठेवावी. काम संपल्यावर एखादा कप्पा रिकामा दिसला की काय राहिले ते लगेच कळते.

दुसरा भाग नव्या पुर्जांचा. यासाठी कप्पे असलेला झाकणाचा डबा घ्यावा. त्यात एक जादा बॉबिन केस, चारपाच बॉबिन, टेन्शनची स्प्रिंग, सुई कसण्याचा स्क्रू आणि मोटर असल्यास कार्बनची जोडी ठेवावी. सुया नंबराप्रमाणे वेगळ्या ठेवाव्यात : मलमलसारख्या पातळ कापडाला ११, पॉपलिनला १४, पँटच्या कापडाला १६ आणि जीन्सला १८. घरगुती मशीनच्या सुईचा माथा एका बाजूने चपटा असतो, कारखान्यातील जुकी पद्धतीच्या मशीनच्या सुईचा गोल असतो. या दोन्ही एकत्र करू नयेत.

तिसरा भाग काढलेल्या जुन्या पुर्जांचा. मशीनच्या बनावटी अनेक आहेत. दुकानात जाताना जुना पुर्जा नमुना म्हणून सोबत न्यावा म्हणजे फेरी वाया जात नाही. मात्र जुना पुर्जा नव्यांत कधीही मिसळू नये, आणि बोथट सुई लगेच टाकून द्यावी.

पावसाळ्यात गंज चढतो. लोखंडी पुर्जे मशीनच्या तेलाचा हात लावून कागदात गुंडाळावेत. खोबरेल तेल वापरू नये, ते कालांतराने चिकट होते आणि मशीन जड चालते. चामड्याचा पट्टा आणि बॉबिन भरण्याच्या चाकाचे रबर यांना तेल लागू देऊ नये, पट्टा घसरतो आणि रबर खराब होते. ते वेगळ्या पिशवीत ठेवावेत.

मशीन उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. खाली पांढरे कापड अंथरावे आणि ज्या क्रमाने स्क्रू निघतील त्याच क्रमाने ते ताटात मांडावेत. बसवताना उलट क्रम धरला की चूक होत नाही. काही खाली पडलेच तर झाडू मारण्याआधी लोहचुंबक फिरवावा.

डब्याच्या झाकणात एक लहान वही ठेवावी. कोणता पुर्जा कधी लावला आणि कितीला आणला ते लिहावे, आणि जो वापरला तो त्याच आठवड्यात पुन्हा आणून ठेवावा. वर्षातून दोनदा संपूर्ण डबा तपासावा : एकदा शाबान महिन्यात, रमजानची गर्दी सुरू होण्याआधी, आणि एकदा मे महिन्यात, शाळेच्या गणवेशांचे काम येण्याआधी.

घरी मशीन चालविणाऱ्या भगिनींनीही हे करावे, कारण त्यांना दर वेळी बाजारात जाणे जमत नाही. ग्राहकाचे कापड आपल्याकडे अमानत असते. ते वेळेवर शिवून देण्याची तयारी या छोट्या डब्यापासून सुरू होते.