माळ्यावरचा अडकित्ता : मोडीचा भाव की खरं मोल?

दिवाळीची आवराआवर निघाली, की घरोघरी एक गोणपाट दाराशी येऊन पडतं. त्यात काय नसतं? कान तुटलेली कढई, गळका तांब्या, खिळखिळी विळी, आणि तळाशी कुठंतरी आजेसासूबाईंच्या चंचीतला अडकित्ता. भंगारवाला तराजू काढतो, पितळ एकीकडे, लोखंड दुसरीकडे करतो आणि पाच मिनिटांत व्यवहार आटपतो. माळा मोकळा झाल्याचं समाधान, वर हातात थोडेफार पैसे. आपण खूश असतो. पण त्या गोणपाटातल्या धारेच्या वस्तूंना, म्हणजे अडकित्ते, विळ्या, सुऱ्या, कट्यारींना, एक निराळाच बाजार आहे आणि तिथं तराजू चालत नाही, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक असतं?

आमच्या पारगावात, किंबहुना साऱ्या जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात, ऊस-कांदा-टोमॅटोच्या पैशांतून जुनी दगडमातीची घरं जाऊन स्लॅबची घरं उभी राहिली. घर उतरवताना देवळीतलं, फडताळातलं, माळ्यावरलं सगळं एकदम बाहेर येतं. त्या धांदलीत काय ठेवायचं आणि काय मोडीत द्यायचं, हे बहुधा घरातल्या बाईलाच ठरवावं लागतं, तेही दारात भंगारवाला उभा असताना. म्हणून हा विषय आपला आहे, फक्त हौशी पुरुषमंडळींचा नाही.

एका वस्तूचे तीन भाव

जुन्या वस्तूला तीन भाव असतात, ही पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी. पहिला मोडीचा भाव. समजा, पितळ किलोला पाचशे रुपयांनी जातं आहे. मग पाव किलोच्या अडकित्त्याचे सव्वाशे झाले. मोर घडवणाऱ्या कारागिराच्या हाताला इथं शून्य किंमत. दुसरा दुकानात सांगितलेला भाव. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात तसाच अडकित्ता कितीतरी पटीनं चढ्या भावानं मांडलेला दिसेल. तिसरा भाव म्हणजे गिऱ्हाइकानं प्रत्यक्ष मोजलेले पैसे. खरा भाव हाच, आणि नेमका तोच कुणाला दिसत नाही.

पुष्कळजणींची फसगत इथंच होते. मोबाइलवर कुणी जुन्या सुरीचा फोटो टाकून खाली वीस हजार लिहिलेले असतात. लगेच आपल्याला वाटतं, आपलीही वीस हजारांची! अहो, लिहायला काय जातं? ती सुरी त्या किमतीला विकली गेली की वर्षभर तशीच पडून आहे, ते बघायला हवं. शिवाय दुकानदार आपल्याला देतो त्याच्या बरंच वर लावून विकतो, यात दर वेळी लबाडीच असते असं नाही. जागेचं भाडं, वर्षानुवर्षं अडकलेलं भांडवल आणि न खपलेल्या दहा वस्तूंचा भार त्या एका विक्रीतून निघायचा असतो.

मोल कशानं वाढतं?

नुसत्या जुनेपणानं नाही. साधा लोखंडी अडकित्ता ऐंशी वर्षांचा असला तरी घरोघरी होता, त्याला फारसं कुणी विचारत नाही. पुण्यात बाजीराव रस्त्यावर राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. मुलांना घेऊन गेला असाल तर तिथले अडकित्ते आठवा. मोराचे, पोपटाचे, घोड्याचे, स्त्री-पुरुषांच्या आकृतींचे, केवढी तऱ्हा! डॉ. दिनकर केळकर (१८९६–१९९०) हे ‘अज्ञातवासी’ नावानं कविता करीत. राजा नावाचा त्यांचा मुलगा लहानपणीच गेला. त्याच्या नावानं त्यांनी हा संग्रह उभा केला आणि पुढं तो शासनाच्या हवाली केला. दिवे, विळ्या, अडकित्ते या स्वयंपाकघरातल्या नि पानाच्या तबकातल्या वस्तू जमवण्याजोग्या असतात, हे त्यांना ओळखता आलं. तिथं तासभर फिरलं तरी नजर तयार होते.

जाणकार सहसा चार गोष्टी बघतात.

एक, घडण. आकार रेखीव आहे का, नक्षी हातानं कोरलेली की साच्यातून तशीच काढलेली?

दोन, पुरेपणा. अडकित्त्याची मूळची खीळ, घुंगरं, पोलादी पातं जागच्या जागी आहेत का? कट्यारीचं म्यान आहे का? खीळ जाऊन तिथं बाजारचा स्क्रू बसला, की मोल उतरलंच.

तीन, अवस्था. झीज चालते, पण खोल गंज, डाग दिलेली भेग किंवा धार लावून लावून अर्ध्यावर आलेलं पातं चालत नाही.

चार, आणि सगळ्यांत मोठी, वस्तूची कुळकथा. कुणाची, कुठली, आपल्या घरी कशी आली?

कुळकथेचं वजन केवढं असतं, त्याचं ताजं उदाहरण पाहा. नागपूरकर रघूजी भोसले (पहिले) यांची तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनला सदबीज या लिलाव संस्थेत निघाली आणि महाराष्ट्र शासनानं ती मिळवली. खर्च आला सुमारे ४७ लाख १५ हजार रुपये. तिचं पातं युरोपातलं. अशा विलायती पात्याच्या तलवारीला आपल्याकडे ‘फिरंग’ म्हणत, आणि तशा फिरंगी जगात काही थोड्या नाहीत. पण हिच्या पात्याच्या पाठीवर देवनागरीत रघूजींचं नाव सोन्यानं कोरलेलं आहे. त्या अक्षरांनी तिची किंमत आणि मान दोन्ही बदललं. टिपू सुलतानची तलवार मे २०२३ मध्ये लंडनला बॉनहॅम्सच्या लिलावात एक कोटी चाळीस लाख पौंडांच्या घरात गेली. तिथंही पोलादाची किंमत ती किती! ती राजवाड्यातून कुणाकडं गेली याची माहिती होती, म्हणून तो आकडा.

आपल्या घरी काही रघूजींची तलवार निघायची नाही. पण नियम तोच. ‘जुना अडकित्ता’ आणि ‘अमक्या गावच्या अमक्या घराण्यातला, १९३० च्या लग्नातल्या फोटोत पानाच्या तबकात दिसणारा अडकित्ता’ यांत फरक पडतोच. मात्र कथा खरी हवी. ‘आमच्या पणजोबांना पेशव्यांनी दिली’ असं नुसतं तोंडानं सांगून भागत नाही; कागद, फोटो, निदान वस्तूवर कोरलेलं नाव लागतं.

पातं वाचायला शिका

खिडकीपाशी उजेडात धरून पात्याचा मुठीजवळचा भाग बघा. मोडी किंवा देवनागरी अक्षरं दिसली तर तिथंच थांबा आणि जाणत्याला दाखवा. इंग्रजी ठसा असेल तर शेफील्ड (इंग्लंड) किंवा झोलिंगेन (जर्मनी) ही सुऱ्या-चाकूंची नावाजलेली गावं आढळतील. पण नुसत्या गावाच्या नावावर भुलू नये, कारखानदाराचं नावही पाहिजे, कारण त्या गावांतून लाखोंनी साध्या सुऱ्या जगभर गेल्या.

एक सोपी परीक्षा सांगते. न गंजणारं पोलाद शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ साली बनवलं. तेव्हा पात्यावर ‘स्टेनलेस’ असा ठसा असून विकणारा ‘सन १८५७ ची’ म्हणत असेल, तर खुशाल हसावं आणि पुढं चालावं.

नवे अडकित्ते जुने भासवून विकणारेही असतात. हाताच्या वापरानं झीज होते ती बोटं लागतात तिथं आणि खिळीपाशी. सगळीकडं सारखाच काळवंडलेला, खाचाखोचांत सारखाच हिरवट आणि कडा मात्र बोटाला टोचणाऱ्या, असा अडकित्ता दिसला तर सावध व्हावं.

घासू नका हो!

आपल्या हाताला काय सवय? पितळ दिसलं की चिंच, लिंबू, राख. भांड्यांना ते ठीक आहे, पण जमवण्याच्या वस्तूंना नाही. वर्षानुवर्षांनी धातूवर चढलेली झाक हीच जुनेपणाची खूण. ती घासून काढली की नक्षी बोथटते, वस्तू नवी दिसू लागते आणि भाव पडतो. धारही लावून घेऊ नये.

करायचं एवढंच. मऊ कोरड्या फडक्यानं धूळ पुसावी. लोखंडी-पोलादी पात्यावर शिवणयंत्राच्या तेलाचं अगदी पुसट बोट फिरवावं. लाकडी, शिंगाच्या मुठीला पाणी लावू नये. कातडी म्यानात पातं कायमचं ठेवू नये, कातडं ओल धरतं आणि आतल्या आत गंज चढतो. पातं आणि म्यान सुती कापडात वेगवेगळं गुंडाळावं आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवावं.

कायदा काय म्हणतो?

एवढं माहीत असलेलं बरं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं शंभर वर्षांहून जुनी अशी कलाकुसरीची वा ऐतिहासिक मोलाची वस्तू तुम्हाआम्हाला देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या लेकीला पणजीची कट्यार बॅगेत घालून देण्याआधी हे आठवा. तशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो, तेव्हा घेणाऱ्या दुकानदाराकडं तो आहे का, ते विचारावं.

मूठ हस्तिदंती असेल तर तिची खरेदी-विक्री वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. सांबरशिंगाची वाटली तरी वन खात्यात विचारल्याशिवाय पुढं जाऊ नये. घरकामाच्या आणि शेतीच्या पात्यांना शस्त्र कायद्याची धास्ती नको, पण तलवार, कट्यार, जंबिया हे शस्त्रांत मोडतात. लग्नात नवरदेवाच्या हाती लिंबू टोचलेली कट्यार देतात ती रीत वेगळी, आणि अशी वस्तू विकणं वेगळं. विकण्याआधी पोलीस ठाण्यात नियम विचारून घ्यावा. आणि नांगरताना किंवा पाया खणताना काही जुनं मोलाचं सापडलं, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

विकायचंच असेल तर

गरज कुणाला सांगून येत नाही. विकण्यात कमीपणा काहीच नाही, पण रीतीनं विकावं. आधी वस्तूचे दोन्ही बाजूंनी फोटो काढावेत, लांबी आणि वजन लिहून ठेवावं. घरातल्या जुन्या माणसांना विचारून चार ओळींची माहिती टिपावी. निदान दोन-तीन ठिकाणी दाखवून भाव घ्यावा आणि प्रत्येकाला ‘हाच भाव का?’ असं विचारावं. सांगणाऱ्याच्या उत्तरातून आपल्याला शिकायला मिळतं. ‘आत्ताच्या आत्ता द्या, उद्या हा भाव नाही’ म्हणणाऱ्याला हात जोडावेत. पैसे हाती पडल्याशिवाय वस्तू हातातून सोडू नये आणि पावती घ्यावी.

आणखी एक. घरची वस्तू एकट्या आपली नसते. सासूबाई, जाऊबाई, नणंदा यांच्या कानावर घालावं. सव्वाशे रुपयांच्या अडकित्त्यावरून वर्षभर अबोला धरलेली घरं काही कमी नाहीत. भावाची चौकशी आधीच झालेली असली, की बोलणं नुसत्या भावनेवर न जाता आकड्यावर येतं, आणि ‘ठेवायचं की द्यायचं’ हे सगळ्यांना मिळून ठरवता येतं.

बहुतेक वस्तूंना शेवटी बेताचाच भाव येईल, हेही मनात धरून असावं. तसं झालं तर नाराज होऊ नये. ती वस्तू फडक्यात गुंडाळून, माहितीच्या चिठ्ठीसह कपाटात ठेवावी. सुनेला किंवा नातीला ती चिठ्ठी वाचून कळेल, की ही सुपारी कातरणारी बाई कोण होती. तेव्हा यंदा गोणपाट दाराशी आणण्याआधी ते एकदा जमिनीवर उलटं करा, धारेच्या वस्तू बाजूला काढा, आणि मगच भंगारवाल्याला हाक मारा.