फुटत्या लाटांतून परतणे

कासुर्डीसारख्या देशावरील गावी विहिरीत पोहावयास शिकलेल्यास काठ म्हणजे स्थिर पाण्याची कड. समुद्रात पाणीच चालते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडला पुण्याचे १४ विद्यार्थी बुडाले. ते दिवस अष्टमीच्या सुमाराचे, म्हणजे उधाणाचे नव्हे, भांगाचे होते. केवळ उधाणाची धास्ती पुरेशी नाही ती अशी.

लाट आपल्या उंचीच्या सुमारे सव्वापट खोलीवर फुटते. परतणाऱ्याने वारंवार मागे पाहावे, कोसळत्या लाटेखाली बुडी मारावी व ती पुढे गेल्यावर किनाऱ्याकडे सरावे. फुटलेल्या लाटांचे पाणी पुष्कळदा अरुंद वाटेने समुद्राकडे परतते. तेथे लाटा कमी फुटतात, म्हणून नवख्यास नेमकी तीच जागा निर्धोक वाटते! तीत सापडल्यास ओढीशी न झगडता किनाऱ्यास समांतर पोहून बाहेर पडावे. नंतरच किनाऱ्याकडे वळावे.